‘नाही’ म्हणताना माणूस हसतो

पहिल्याच व्याख्यानात मला व्यासपीठावरून ऐकून घ्यावं लागलं.

तोवर चार वर्षं मी लग्नाचे फोटो काढत होते. लग्नात फ्लॅश मारला तर कुणाची हरकत नसते. उलट नाही मारला तर मुलीचे मामा येऊन विचारतात, “ताई, लाइट पेटत नाहीये का?” त्याच हाताने मी एका महाविद्यालयाच्या सभागृहात कॅमेरा धरला. निवृत्त प्राध्यापक संतसाहित्यावर बोलत होते. पहिली रांग आणि व्यासपीठ यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बरोबर मध्यावर उभी राहून मी त्यांच्या तोंडावर फ्लॅश उडवत होते. सातव्या की आठव्या फ्लॅशला ते थांबले. चष्मा काढला, डोळे मिटले, उघडले आणि माईकवरच म्हणाले, “बाई, आधी तुमचं होऊ द्या. मग मी बोलतो.”

सभागृह हसलं. मी मागच्या रांगेत जाऊन बसले ती आभारप्रदर्शनापर्यंत उठले नाही. तिथूनच, फ्लॅश बंद करून, जमतील तसे फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर चेहरे केशरी आणि हातांच्या जागी नुसते फराटे. काही ठिकाणी हात स्थिर यावेत म्हणून शटर १/५०० वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडेल असं, नेलं होतं आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, शेवटच्या आकड्यावर. त्या फोटोंवर आडवे, मळकट पट्टे उमटले होते. कॅमेरा बिघडला असं समजून दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने दोन मिनिटं उलटसुलट करून पाहिला आणि परत हातात दिला. “मॅडम, कॅमेरा ठणठणीत आहे. लाइट लुकलुकतोय.”

लाइट लुकलुकतोय म्हणजे काय, हे समजायला मला आठवडा लागला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. पण शटर १/५०० वर असलं की कॅमेरा त्या उजळण्या-मंदावण्याचा एक तुकडाच उचलतो, आणि चित्राचा एक भाग उजळत्या क्षणी तर दुसरा मंद क्षणी टिपला जातो. तेच पट्टे. उपाय फुकटचा आहे. शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचं, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ओळीच्या वाट्याला एक अख्खं आवर्तन येतं आणि हिशेब सारखा होतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात फोटो काढणारा माझा एक मित्र आहे, त्याचा आकडा १/१२५. पहिल्यांदा तो पुण्यातली सवय घेऊन १/१०० वर काढत बसला होता, तेव्हा त्यालाही फिकट पट्टे भेटले.

केशरी चेहऱ्यांचं कारण जुने हॅलोजन, आणि फराट्यांचं कारण कमी उजेड घेणारी माझी लेन्स. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स पुढे ओढली की तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. शेवटी पन्नास एमएमची, एफ १.८ ची, प्लास्टिकच्या अंगाची साधी लेन्स घेतली. हिशेब मांडला तर ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. झूम होत नाही, त्यामुळे आपल्यालाच पुढेमागे व्हावं लागतं. आणि सभेत पुढेमागे व्हायचं म्हणजे चारशे डोळे आपल्या पाठीवर.

सरावासाठी पुण्यात जागांची ददात नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून दर उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात भरते. रोज संध्याकाळी नवा वक्ता, नवा विषय. एका मोसमात मी बारा-तेरा व्याख्यानांना गेले. फ्लॅश नाही, जागेवरून उठणार नाही, अशी स्वतःलाच अट घातली होती. त्या अटीमुळे एक झालं. जागा बदलता येत नव्हती, भिंग बदलता येत नव्हतं, उजेड बदलणं तर माझ्या हातातच नव्हतं. बोट कधी दाबायचं, एवढंच उरलं.

आणि तेच जमत नव्हतं. शंभर फोटो काढले तर ऐंशीत वक्त्याचं तोंड वाकडं. अर्धवट मिटलेला डोळा, बाहेर डोकावणारी जीभ, जांभई दिल्यासारखा जबडा. विद्वान माणूस बोलताना इतका विद्रूप का दिसतो, हे कोडं घेऊन एका संध्याकाळी मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसती तोंडं बघत बसले.

तेव्हा दिसलं ते असं. ‘आ’वर जबडा पडतो, तिथे दाबलं की दातांच्या डॉक्टरकडे बसल्याचा फोटो मिळतो. ‘ऊ’वर आणि ‘ओ’वर ओठ पुढे येतात. ‘बंधू-भगिनींनो’ संपता संपता जगातला कुठलाही माणूस गरम चहावर फुंकर घालत असतो. प, ब, म वर ओठ मिटतात, तिथे चेहरा शहाणा दिसतो. आणि ‘ई’वर ओठ दोन्हीकडे ताणले जातात, गाल वर चढतात, म्हणजे माणूस हसतो. आता मराठीत सर्वांत कठोर शब्द कुठला? ‘नाही’. “हे आम्ही खपवून घेणार नाही!” असं मूठ आपटून सांगणारा वक्ता त्या ‘ही’वर टिपा, फोटोत तो वाढदिवसाचा केक कापताना दिसेल. माझ्याकडे असे फोटो ढिगाने आहेत. दुष्काळावर बोलताना हसणारे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर बोलताना हसणारे. हे फोटो मी कधीच कुणाला देत नाही. छापून आले तर त्या माणसावर अन्याय होईल आणि खुलासा करायला तो प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊ शकणार नाही.

मग दाबायचं कधी? इथे शाळेतलं व्याकरण कामी आलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य सुरू होताना वक्त्याचा हात वर जातो, ‘जर’, ‘तरी’, ‘असं असूनही’ चालू असेपर्यंत तो हवेत तरंगतो आणि क्रियापदावर खाली येतो. “हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलं, आणि आपण ते घडू...” इथे मुरलेला वक्ता थांबतो. सभागृहालाही शेवटचा शब्द ठाऊक असतो, तरी तो त्याच्या तोंडून ऐकायचा असतो. ती अर्ध्या-पाऊण सेकंदाची फट. ओठ मिटलेले, हात वर, डोळे समोरच्यांवर. तिथे बोट दाबायचं. “...दिलं” येईपर्यंत तुमचं काम झालेलं असतं. म्हणजे वाक्य कुठे चाललंय ते वक्त्याबरोबर, जमल्यास त्याच्या अर्धा शब्द आधी, कळलं पाहिजे. कानात गाणी घालून व्याख्यानाचे फोटो काढणारी मुलं मी बघते, तेव्हा मला त्यांचं नवल वाटतं. इंग्रजीत बोलणाऱ्यांचं गणित निराळं असतं. तिथे मी अजून चाचपडते.

एवढं शिकल्यावर मी पुन्हा पैसे घेऊन कामं करायला लागले. हळूहळू दोन कॅमेरे झाले, २४-७० आणि ७०-२०० एमएमच्या, एफ २.८ च्या झूम लेन्स आल्या. दुसरी दोन वर्षं भाड्याने आणत होते; शेवटी भाड्याची बेरीज केली आणि रडत विकत घेतली. आता सांगते ते गेल्या हिवाळ्यातल्या एका शिक्षण परिषदेबद्दल. दोन दिवस, चारशे खुर्च्यांचं सभागृह, राज्यभरातून आलेले शिक्षक.

आदल्या संध्याकाळी मी जाऊन आले. हे मी कधीच चुकवत नाही. रिकाम्या सभागृहात एक लाइटवाले काका भेटले, स्टुलावर बसून दिव्याचा पत्रा पुसत होते. आयोजकांपेक्षा, अध्यक्षांपेक्षा आणि वक्त्यापेक्षा माझ्या कामाचा माणूस हाच असतो. त्यांना चहा विचारला आणि म्हटलं, “काका, स्लाइड सुरू झाल्या की सगळं बंद करू नका. पोडियमवर एक स्पॉट राहू द्या, पडद्यावर सांडणार नाही असा.” त्यांनी शिडी लावून एक दिवा वळवला, पडद्याच्या कडेला काळा पत्रा आडवा केला. “इतकी वर्षं झाली, फोटोवाल्यांनी आधी येऊन सांगितलेलं आठवत नाही,” म्हणाले. निळे आणि जांभळे एलईडी वक्त्यांच्या चेहऱ्यावर नको, मागच्या पडद्यावर काय ते खेळ करा, हेही ठरवून घेतलं. हॅलोजनचा पिवळेपणा काढता येतो, ट्यूबचा हिरवटपणाही निघतो, पण गाढ निळ्या एलईडीखाली न्हालेला चेहरा दुरुस्त होत नाही. त्यात दुसरा रंगच नसतो, आणायचा कुठून? असे फोटो शेवटी कृष्णधवल करून द्यायचे आणि ‘कलात्मक’ म्हणायचं.

मग काकांनाच पोडियमपाशी उभं केलं, हातात निमंत्रणपत्रिकेची कोरी बाजू दिली आणि त्या पांढऱ्यावरून रंगाचा तोल बसवला. दोन्ही कॅमेरे आपोआपवरून काढून मॅन्युअलवर आणले : १/१००, एफ २.८, आयएसओ ३२००. वक्त्याच्या मागे पांढरा फ्लेक्स असला की आपोआपवर ठेवलेला कॅमेरा घाबरून सगळंच अंधारं करतो, आणि आपल्या लोकांचे सावळे चेहरे सरळ काळे पडतात. फ्लेक्स जळला, म्हणजे फोटोत नुसता पांढरा झाला, तरी चालेल, चेहरा पाहिजे.

फ्लेक्सवरून आठवलं. मागच्या अक्षरांशी माझं जुनं वैर आहे. पोडियम नेमकं अशा जागी असतं की वक्त्याच्या डोक्यातून वेलांटी उगवते आणि चांगला टक्कल असलेला कुलगुरू शेंडीवाला दिसतो. एकदा आरोग्यावरच्या परिषदेत पहिलं अक्षर दोन दिवस वक्त्यांच्या मागे झाकलं गेलं आणि प्रत्येक फोटोत ‘रोग्य परिषद’ भरली. या वेळी मी पोडियमपाशी काकांना उभं करून समोरून पाहिलं तर ‘शिक्षण’मधला ‘शि’ गायब, उरला ‘क्षण’. वाईट नव्हतं, पण आयोजकांना चाललं नसतं. दोघांनी मिळून पोडियम दीड हात सरकवलं. खालच्या चिकटपट्टीवर खूण केली, कारण सकाळी येणारा माईकवाला ते परत जागेवर नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दीपप्रज्वलन. पाच पाहुणे समईला घेरतात आणि प्रेक्षकांना, कॅमेऱ्याला मिळतात त्या पाच पाठी. त्यामुळे मी आधीच समईच्या मागच्या बाजूला, पडद्याला पाठ लावून, एका गुडघ्यावर बसते. वातींना कापूर चोळलेला असला की त्या पटकन धरतात. नाहीतर प्रमुख पाहुणे मेणबत्ती घेऊन मिनिटभर वातीची मनधरणी करत बसतात आणि चेहऱ्यावरचा मंगल भाव उडून जातो. वरचा पंखा बंद करायला सांगायचं. फ्लॅश अजिबात नाही, नाहीतर ज्योतीचा उजेड मरतो आणि माणसं काडीपेटी शोधत असल्यासारखी दिसतात. मग सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार. तिथे काचेत आपणच कॅमेरा धरून उभे दिसतो, म्हणून थोडं तिरकं व्हावं लागतं.

सत्कार एकोणीस होते. सत्कारांबद्दल माझं मत लिहीत नाही. फक्त एवढंच सांगते की अख्ख्या परिषदेत मला आवाज काढायची परवानगी असते ती इथे, आणि वाक्यही ठरलेलं : “सर, इकडे.” शाल अंगावर पडत असताना अर्धा चेहरा झाकतो, नारळ पोटाशी जातो, पुष्पगुच्छ देणाऱ्याच्या नाकाशी येतो. खरा फोटो त्यानंतरचा असतो. सत्कारमूर्ती शाल सावरतात, देणारा काहीतरी पुटपुटतो, दोघं एकमेकांकडे बघून हसतात. तो मी घेतेच. पण मागितला जातो तो कॅमेऱ्याकडे बघणारा, सगळे सरळ उभे असलेला. इथे फ्लॅश लागतो. सभागृहाचं छत उंच आणि लाकडी असलं तर त्यावर आपटून परत येणारा उजेड चहाच्या रंगाचा होतो, म्हणून फ्लॅश अगदी कमी ताकदीवर, सरळ, पुढे नाटकवाल्यांकडून आणलेला फिकट केशरी जिलेटिनचा तुकडा लावून. त्याने फ्लॅशचा पांढरेपणा हॅलोजनच्या पिवळ्याशी जुळतो. यादी हातात ठेवून एकेका नावावर टिक करते. वक्त्याचा फोटो चुकला तर कुणी बोलत नाही. एकोणिसातला एक सत्कार चुकला तर फोन येतो.

मधल्या वाटेत शूटिंगवाल्याचा ट्रायपॉड. माझं आणि या मंडळींचं पूर्वी पटत नसे. आता सकाळीच बोली होते : मी त्याच्या फ्रेममध्ये दहा सेकंदांच्या वर थांबायचं नाही, त्याने त्याचा दिवा वक्त्याच्या चष्म्यावर मारायचा नाही. पायात मऊ तळाचे बूट. व्यासपीठाच्या लाकडावर ते काढून मोज्यांवर. कॅमेरा आवाज न करणारा आहे. पहिल्यांदा तो शांतपणा मिळाला तेव्हा मी खूश झाले आणि लगेच जुने पट्टे परत भेटले, कारण बिनआवाजी शटर एकेक ओळ सावकाश वाचतं. पुन्हा १/१०० वर.

बोलणाऱ्याच्या समोर मी आता उभी राहत नाही. समोरून माईक बरोबर तोंडावर येतो आणि वक्ता आइस्क्रीम खात असल्यासारखा दिसतो. बाजूला पंचेचाळीस अंशांत, तो ज्या हाताने बोलतो त्या बाजूला, बसलेल्यांच्या डोक्यांच्या खाली. पहिली दोन मिनिटं फोटो काढत नाही. हात कुठला चालतो, कागद वाचतात की बघून बोलतात, पोडियमला धरून ठेवतात का, एवढंच बघते. एक बाई दर परिच्छेदाच्या शेवटी चष्मा काढून डाव्या हातात घ्यायच्या. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा मी तयार होते. चर्चासत्र असेल तर पहिला फोटो टेबलावरच्या नावाच्या पाट्यांचा, डावीकडून उजवीकडे. आणि पाण्याच्या बाटल्या मी स्वतः उचलून खाली ठेवते. आयोजक बघत राहतात, बाटल्यांमागे हनुवटी लपते हे त्यांना रात्री फोटो बघताना कळतं.

आयोजकांपैकी एक सर मधूनच येऊन कानात म्हणाले, “हॉल भरलेला दिसला पाहिजे हं.” चारशे खुर्च्या, माणसं अडीचशेच्या आत, आणि पुढच्या दोन रांगा न आलेल्या मान्यवरांसाठी राखीव. लांब लेन्सने कोपऱ्यातून तिरकं काढलं की माणसं एकमेकांजवळ सरकल्यासारखी दिसतात आणि रिकाम्या खुर्च्या डोक्यांआड जातात. मी ते करते. फोटो खोटं बोलत नाही, बघणारा गैरसमज करून घेतो, अशी मी माझी समजूत घातली आहे. ती मला पुरती पटलेली नाही.

जेवणात मसालेभात, जिलबी आणि मठ्ठा. त्यानंतरच्या सत्राला स्लाइड ठेवणाऱ्या माणसाला मी एकदा भेटणार आहे. काकांनी शब्द पाळला, पोडियमवरचा स्पॉट राहिला. पण प्रोजेक्टरचं वेगळं दुखणं असतं. काही प्रोजेक्टर लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक इतक्या भरभर टाकतात की डोळ्याला ते एकत्र दिसतात. शटर जलद असलं तर कॅमेऱ्याला त्यातले एखाद-दोनच सापडतात, आणि पांढऱ्या स्लाइडवर गुलाबी-हिरवे चट्टे येतात. १/५० वर उतरलं की पडदा नीट येतो, पण वक्त्याची बोटं पुसली जातात. मी स्लाइडचे दोन-तीन फोटो सावकाश शटरवर घेते, ते वक्ता पाणी पीत असताना, आणि मग परत माणसाकडे.

तोवर सभागृह पेंगायला लागलेलं. चौथ्या रांगेतले एक गुरुजी इतके सुंदर झोपले होते, हनुवटी उपरण्यात, हातात पेन तसंच उभं. मी तो फोटो काढला. द्यायचा नसतो, पण काढते. या बाबतीत माझ्यामागे थोर परंपरा आहे. एरिश सालोमन नावाचा जर्मन, शिक्षणाने वकील, १९२८ च्या सुमारास कोर्टकचेऱ्या आणि आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये फ्लॅशशिवाय फोटो काढायला लागला. त्याचा एर्मानॉक्स हा छोटा कॅमेरा काचेच्या प्लेटांवर चालायचा, पण भिंगाचं तोंड त्या काळात कुणी ऐकलं नव्हतं इतकं मोठं होतं, जवळपास माझ्या पन्नासच्या लेन्सएवढं. कधी तो कॅमेरा त्याने टोपीत लपवून नेला. १९३० च्या जानेवारीत हेगच्या परिषदेत मध्यरात्र उलटून गेल्यावर कोचांत रेललेले, पेंगुळलेले मंत्री त्याने टिपले. युरोपचा कारभार हाकणारी ती माणसं त्या फोटोत आपल्या चौथ्या रांगेतल्या गुरुजींसारखीच दिसतात. सालोमन ज्यू होता. १९४४ मध्ये आउश्वित्झमध्ये त्याचा अंत झाला.

हशाचे फोटो वक्त्याकडे पाठ करून काढायचे असतात. विनोद येतोय हे कळलं की वक्ता सोडायचा, वळायचं आणि प्रेक्षकांवर फोकस लावून थांबायचं. हशा सुरू झाल्यावर वळलात तर उरतं ते रुमालाने डोळे पुसणं. मराठी वक्ता विनोदाआधी आवाज खाली आणतो आणि “एक गंमत सांगतो” असं चक्क जाहीरही करतो, त्याबद्दल मी या मंडळींची ऋणी आहे.

संध्याकाळी सहाला वर्तमानपत्रांसाठी तीन फोटो आणि ओळी. “डावीकडून...” लिहिताना पाट्यांचा फोटो उघडते. तरी एकदा दोघांनी ऐनवेळी खुर्च्या बदलल्या होत्या आणि मी एका संस्थाचालकाला कवी केलं. कवींची तक्रार आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुलं सत्र होतं. प्रेक्षकांतून हात वर करायचा, कार्यकर्ता माईक घेऊन येणार, दोन मिनिटं बोलायचं. काकांचे दिवे सगळे व्यासपीठावर, खाली अंधार. मधल्या रांगेतून एक बाई उठल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या. दोन शिक्षकांची शाळा, चार वर्ग. त्यांच्या हातात कागद नव्हता. मी मोठी लेन्स खाली ठेवली, जुनी पन्नास चढवली, तोंड पूर्ण उघडलं, शटर १/५०, आयएसओ १२८००, आणि खुर्च्यांच्या रांगेत शिरून खाली बसले.

त्या वाढीव कामांबद्दल बोलत होत्या. मागवल्या जाणाऱ्या माहितीबद्दल, एकच आकडा तीन ठिकाणी भरण्याबद्दल. आवाज चढवत नव्हत्या. “दोन वर्ग मी घेते, दोन सर घेतात. सर माहिती भरायला तालुक्याला गेले, की चारही वर्ग माझे. तुम्ही इथे गुणवत्तेबद्दल बोलताय. मी ऐकतेय. पण सकाळी अकरा ते पाच मला कुणी शिकवू...” आणि थांबल्या. शेवटचा शब्द सभागृहाने मनात म्हटला. त्यांनी म्हटलाच नाही. माईक खाली घेतला, मग पुन्हा वर आणून “धन्यवाद” म्हणाल्या आणि बसल्या.

मी त्या फटीत तीन फोटो काढले. एकात डोळे मिटलेले, एकात मागच्या माणसाचा हात मध्ये आलेला. तिसरा आला. दाणेदार, थोडा हललेला, पण चेहरा आहे. ओठ मिटलेले, माईक हनुवटीशी, डोळे व्यासपीठावर.

दोन दिवसांचे मिळून तेवीसशे फोटो झाले. रात्री बसून गाळायला सुरुवात केली. आधी मिटलेले डोळे, मग हसणारे ‘नाही’, मग चहावर फुंकर घालणारे, मग शेंड्या. पांढऱ्या कुडत्यांचे जळालेले खांदे खाली आणले. शेवटी दोनशे साठ दिले. झोपलेले गुरुजी माझ्याकडेच राहिले. त्या बाईंचा फोटो आयोजकांनी निवडला नाही. फार दाणे आहेत म्हणाले, आणि स्मरणिकेत सत्कारांनाच जागा पुरत नव्हती. मी तो वेगळा काढून ठेवला. नोंदणीच्या टेबलावर विचारून त्यांच्यापर्यंत निरोप पोचवला आणि पाठवून दिला.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. शाळेच्या कार्यालयात लावायला हवा होता त्यांना, मोठा करता येईल का विचारत होत्या. मी म्हटलं करून देते. मग थोडं थांबून म्हणाल्या, “मॅडम, एक विचारू? तो माईक तेवढा काढता येईल का? आमचे सर म्हणतात, मी गाणं म्हणतेय असं वाटतं.”

बघते, म्हटलं. फोन ठेवून फोटो पुन्हा उघडला. खरंच, दुसरं कडवं सुरू करायच्या आधी गाणारी बाई थांबते, तसा चेहरा होता.